बल्गेरियन कथाकाराचं सुतक

९ नोव्हेंबर १९९८, सोमवार. सकाळी मी दुकानात जमिनीवर वर्तमानपत्र पसरून प्रिंटरच्या कार्ट्रिजमध्ये पावडर भरत बसले होते. हे काम करताना पंखा बंद ठेवावा लागतो, आणि कोणी दारातून घाईने आत आलं तर काळी भुकटी नाकातोंडात जाते. म्हणून शटर अर्धं खाली ओढलं होतं. त्याच्याखालून वाकून काका आत आले. हातात एक जुना फोटो.

"आज एक कागद करून दे," ते म्हणाले. "जाड काळी चौकट. वर फोटो, खाली चार ओळी."

"कोणाचा?"

"त्याचा."

त्याचा म्हणजे कोणाचा हे मला विचारावं लागलं नाही. तो बल्गेरियातला एक कथाकार. गेली चार वर्षं मी त्याच्या कथा मराठीत टाइप करत होते, आणि तो मेल्याची बातमी आदल्याच आठवड्यात माझ्या दुकानातल्या फोनवर आली होती.

दुकान वसई तालुक्यातल्या फुलपाड्यात होतं. एका बाजूला कॉम्प्युटर, दुसऱ्या बाजूला झेरॉक्सचं मशीन, कोपऱ्यात काचेच्या खोक्यात एसटीडी-आयएसडीचा फोन. लग्नपत्रिका, सोसायट्यांच्या नोटिसा आणि वसईच्या एका वकिलांची प्रतिज्ञापत्रं यावर दुकान चालायचं. काका मागच्या गल्लीतल्या बिल्डिंगमध्ये राहायचे. मूळचे कोकणातले, नोकरी मुंबईत, फोर्कलिफ्ट विकणाऱ्या एका कंपनीत. त्या गाड्या बल्गेरियातून यायच्या. सत्तरच्या दशकात कंपनीने काकांना त्या दुरुस्त करायला शिकण्यासाठी तिकडे पाठवलं. गेले होते काही महिन्यांसाठी, राहिले तीन वर्षं. तिथे ते राहायचे त्या इमारतीत खालच्या मजल्यावर हा लेखक एकटा राहायचा. काकांकडे पिठलं खायला यायचा आणि पिठल्यावर दही ओतायचा. दही कोणाचं चांगलं यावरून दोघांची भांडणं व्हायची, आणि काकांच्या म्हणण्याप्रमाणे ते बल्गेरियन भाषा शिकले ती या भांडणांतून.

रिटायर झाल्यावर काकांनी त्याच्या कथा मराठीत आणायला घेतल्या. त्यांची पद्धत अशी की घरी काही लिहायचंच नाही. पुस्तक घेऊन दुकानात यायचं, आधी एक वाक्य त्या भाषेत मोठ्याने वाचायचं, मग मराठीत सांगायचं, आणि मी टाइप करायचं. झेरॉक्सला आलेली माणसं ऐकत उभी राहायची. एकदा एकाने विचारलं, "काका, मंत्र कसले म्हणताय?" काका म्हणाले, "डुक्कर लपवायचे."

ती गोष्ट खरंच डुकराची होती. लढाईचा काळ, सरकारी माणसं घरोघर फिरून जनावरं उचलून नेत आहेत. एका कुटुंबाने आपलं डुक्कर झोपायच्या खोलीत लपवलंय. शेजारच्या खाटेवर म्हातारी मरायला टेकलेली. डुक्कर कण्हलं की घरचे सांगतात, म्हातारी कण्हतेय. सरकारी माणूस टोपी काढतो आणि निघून जातो. असं बरेच दिवस चालतं. शेवटी म्हातारी कधी गेली ते कोणाला कळतच नाही, कारण कण्हणं चालूच असतं. मी टाइप करताना हसले, आणि मग चहा गार होईपर्यंत तशीच बसून राहिले. त्याच्या सगळ्या गोष्टी अशाच. चार-पाच पानांच्या, आणि शेवटी माणसाला कुठेही टेकायला जागा न ठेवणाऱ्या.

त्याचा बाप तंबाखूच्या वखारीत पानं निवडायचा. हा स्वतः एका छापखान्यात प्रुफं तपासायचा. तिकडे एक रीत आहे. घरात कोणी गेलं की काळ्या चौकटीचा कागद छापतात, वर फोटो, खाली नाव आणि दोन ओळी, आणि तो घराच्या दाराला, रस्त्यावरच्या झाडांना, बसस्टॉपला चिकटवतात. चाळीस दिवसांनी पुन्हा नवा कागद, सहा महिन्यांनी पुन्हा, मग वर्षाला. फोटो तोच. दारं अशा कागदांनी भरलेली असतात आणि माणसं त्यांतूनच ये-जा करतात. हा लेखक कामावर जाताना रोज ते कागद वाचायचा. त्यातला एक चेहरा निवडायचा आणि त्या माणसाबद्दल घरच्यांना जे माहीत नसेल ते लिहायचा. अशी दोन बारीक पुस्तकं झाली. दुसऱ्या पुस्तकातल्या एका गोष्टीत कोणा साहेबाने स्वतःला ओळखलं. याला छापखान्यातून काढून रेल्वेची वेळापत्रकं तपासायला बसवलं, आणि पुढे बरीच वर्षं त्याचं काही छापू दिलं नाही. तो वेळापत्रकांच्या रद्दी प्रुफांच्या पाठीवर लिहीत राहिला.

मग तिकडचं राज्य बदललं. काकांना वाटलं, आता गड्याचे दिवस आले. ते त्याला फोन करायचे, माझ्याच दुकानातून, वर्षातून दोनदा. फोन ठेवल्यावर एकदा मला म्हणाले, "काय बोलला ठाऊक आहे? पूर्वी लिहू देत नव्हते, आता वाचत नाहीत. पूर्वीचं बरं होतं म्हणतो, निदान कोणीतरी लक्ष देऊन वाचायचं."

गेली दीड-दोन वर्षं फोन लागत नव्हता. काका म्हणायचे लाइन खराब असेल. आदल्या आठवड्यात त्यांनी कुठूनतरी त्याच इमारतीतल्या एका बाईचा नंबर मिळवला. मी काउंटरवर होते. काका काचेच्या खोक्यात उभे राहून बोलत होते, त्यांचा आवाज बाहेर येत होता आणि मला एक अक्षर कळत नव्हतं. पण माणूस गेल्याचं ऐकताना जे होतं ते कुठल्याही भाषेत दिसतं. बाहेर येऊन म्हणाले, "मागच्याच्या मागच्या हिवाळ्यात गेला. घरात जाळायला काही नव्हतं. खुर्च्या जाळल्या म्हणे. म्युनिसिपालिटीने नेला."

"कागद?"

"कोण लावणार? त्याला होतं कोण?"

घरी जाऊन काकांनी आंघोळ केली. काकूंनी विचारलं, "अवेळी कोणाची आंघोळ?" काका म्हणाले, "मित्राची." काकू म्हणाल्या, "त्या दहीवाल्याची? त्याचं कसलं सुतक आपल्याला." पण त्या दिवशी त्यांनी गोड काही केलं नाही.

आता यांच्या घरचं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही.

काकांना एकच मुलगा. सातिवलीला एका गाळ्यात मशीनवर होता. १९९१ मध्ये गणपती झाल्यावर एके दिवशी सुरतेला चांगलं काम आहे, बघून येतो म्हणून गेला, तो आलाच नाही. भांडण नाही, कर्ज नाही, कसली भानगड ऐकली नाही. पोलिसांत तक्रार दिली, काका दोनदा सुरतेला जाऊन आले, इस्पितळं बघितली. काही नाही. त्याचं लग्न होऊन तेव्हा वर्षच झालेलं. सून तेवीस-चोवीसची. मूल नव्हतं. ती सासू-सासऱ्यांकडेच राहिली आणि सातिवलीलाच प्लास्टिकची झाकणं करणाऱ्या गाळ्यात पॅकिंगला जाऊ लागली. सकाळी डबा घेऊन जायची, संध्याकाळी भाजी घेऊन यायची. गळ्यात मंगळसूत्र, कपाळावर टिकली, हातात हिरव्या बांगड्या. हळदीकुंकवाला बायका तिला बोलवायच्या आणि मग आपापसात बघायच्या.

चंदनसारला तिचा भाऊ राहायचा. त्याने तिच्यासाठी एक माणूस बघितला होता, बायको वारलेला, सरळ. माणूस थांबायला तयार होता, पण किती थांबणार. भाऊ दोनदा येऊन बोलून गेला. काकूंचं उत्तर एकच. "माझा मुलगा उद्या दारात उभा राहिला तर मी त्याला काय सांगू? तुझी बायको दुसऱ्याला दिली?"

मी वकिलांची कामं टाइप करत असल्याने मला एवढं माहीत होतं की सात वर्षं नवरा जिवंत असल्याचं काही कळलं नाही, ज्यांना कळायला हवं त्यांनाही कळलं नाही, तर बाईला कोर्टातून सुटता येतं. पण मुलाच्या आईबापांनी येऊन तसं सांगायला हवं. निदान एकाने. मी ते काकांना उन्हाळ्यातच सांगितलं होतं. ते म्हणाले, "बघू." गणपतीत सात वर्षं झाली. पुन्हा म्हणाले, "बघू."

त्या दिवसांत आम्ही एक कथा करत होतो. एका आईची. तिचा मुलगा नदी पोहून देशाबाहेर पळायला गेला आणि परतला नाही. गोळी लागली म्हणतात, पण सरकार काही बोलत नाही. गल्लीतल्या सगळ्या दारांवर कागद आहेत, हिच्या दारावर नाही. आई लावू देत नाही. मुलाचं जिच्याशी ठरलेलं असतं ती मुलगी रोज कामावर जाताना त्या दाराकडे बघते. कागद लागला तर ती सुटणार. गोष्टीत दुसरं काही घडत नाही. ती बघत जाते, केस पांढरे होतात, आणि शेवटी त्या मुलीच्याच दारावर तिचा कागद लागतो, आणि त्या दिवशी पहिल्यांदा मुलाची म्हातारी आई स्वतः जाऊन तो वाचते.

टाइप करून झाल्यावर मी काकांना म्हटलं, "काका, ही गोष्ट तुम्हाला मराठीत करायला बल्गेरियाला जायची गरज नव्हती."

ते पुस्तक मिटून उभे राहिले. म्हणाले, "तू टायपिंगचं बघ." आठ-दहा दिवस फिरकले नाहीत.

तर त्या सोमवारी मी पावडर भरून झाल्यावर हात धुतले आणि कागद केला. फोटो पंचवीस वर्षांपूर्वीचा, लेखक तेव्हा तिशीतला. बारीक मिशी, बाजूला भांग, ढगळ कोट. फोटोच्या खाली त्याचं नाव, आणि मग काकांनी सांगितल्या त्या ओळी. 'कथाकार. पावणेदोन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात स्वतःच्या घरी वारले. जवळचं कोणी नसल्याने कळवायला उशीर झाला.' आणि तळाशी काकांचं नाव, बिल्डिंग, खोली नंबर.

"हा लावणार कुठे?"

"आमच्या गेटला. तिथे त्याचं दार नाही, तर इथे माझं आहे."

"लोक विचारतील."

"विचारू देत. मी सांगेन. त्याचा एक तरी कागद कुठेतरी लागला पाहिजे."

मी तीन प्रती काढून दिल्या. काकांनी त्या खळ लावून गेटच्या दोन खांबांवर आणि नोटीस बोर्डावर चिकटवल्या, आणि आगाशीला एका जुन्या सहकाऱ्याला भेटायला गेले.

संध्याकाळी पाच-साडेपाचला त्या सोसायटीचे चेअरमन दुकानात आले. घाईत.

"ताई, कागद तुम्हीच छापलात ना? आम्हाला आधी सांगायचं तरी. कुठे सापडला?"

"कोण?"

"कोण काय विचारता? काकांचा मुलगा. बॉडी मिळाली की नुसतं कळवलंय?"

मी म्हटलं, "तुम्ही कागद वाचलात का?"

"मला बायकोने सांगितलं. तिला तळमजल्यावरच्यांनी. मी आत्ता कामावरून येतोय. तिरडीच्या सामानाचं बघायला हवं, म्हणून काकांना शोधतोय."

आपल्याकडे मेलेल्या माणसाची बातमी कोणी गेटवर वाचत नाही, तोंडोतोंडी ऐकतो. दोघा-तिघांनी काळी चौकट बघितली, तळाशी काकांचं नाव बघितलं, फोटोतला तिशीतला मिशीवाला बघितला. मधलं कोणी वाचलं नाही. सात वर्षं सगळी बिल्डिंग त्या घरातून एकाच बातमीची वाट बघत होती, ती आली असं सगळ्यांनी धरलं.

मी दुकान तसंच टाकून चेअरमनबरोबर निघाले. गेटपाशी पोहोचले तेव्हा उशीर झाला होता. सून नुकतीच टेम्पोतून उतरली होती. एका हातात डब्याची पिशवी, दुसऱ्या हातात मेथीच्या दोन जुड्या. तळमजल्यावरच्या मावशी तिला गेटातच भेटल्या. या मावशी स्वभावाने वाईट नव्हत्या. कोणाकडे काही झालं की पहिल्या धावणाऱ्या त्याच. त्यांनी तिला मिठी मारली, "गेला गं तुझा धनी," म्हणून रडायला लागल्या, आणि ती काय विचारते ते न ऐकताच तिच्या कपाळावरची टिकली काढून गेटच्या गजाला लावली. मग तिचा हात धरून खांबावर आपटला. एका हाताच्या बांगड्या फुटल्या. मनगटातून रक्त आलं. मी ओरडले तेव्हा त्यांनी दुसरा हात धरलेला होता.

"मावशी, सोडा तिला. तो हिचा नवरा नाही. काकांचा मित्र आहे, परदेशातला."

"मग कागदावर काकांचं नाव कसं?"

"कळवणाऱ्याचं नाव आहे ते."

मावशी कागदाजवळ गेल्या, वाचलं, आणि वळून मला म्हणाल्या, "असलं कोण छापतं गं?" मग त्या धावत घरात गेल्या आणि कुंकवाचा करंडा घेऊन आल्या. "ये गं बाई, माझी चूक झाली. देवा रे. लाव, आत्ताच्या आत्ता लाव. काही झालेलं नाही. समज झालंच नाही."

सुनेने मान बाजूला घेतली.

"राहू दे, मावशी."

"अगं, अपशकुन होईल."

"राहू दे. आता परत कशाला?"

ती खाली वाकली, पडलेली मेथी उचलली, काच वेचून कचऱ्याच्या डब्यात टाकली आणि जिना चढायला लागली. एका हातात बांगड्या होत्या, एक हात रिकामा. मी तिच्या मागून गेले.

वर काकूंच्या दारात सात-आठ बायका गोळा झाल्या होत्या, साध्या साड्या नेसून. काकू भाकऱ्या थापत होत्या. त्यांना वाटलं, कसलीतरी वर्गणी आहे. "आत या की, दारात का?" म्हणत होत्या. बायका एकमेकींकडे बघत होत्या. मग कोणीतरी खालच्या कागदाबद्दल सांगितलं. काकू पिठाच्या हातांनीच खाली गेल्या, आम्ही बघत राहिलो, आणि थोड्या वेळाने वर आल्या. श्वास लागलेला.

"हा माझा नाही," त्या म्हणाल्या. "हा दहीवाला आहे. माझा असा दिसत नाही." आणि तव्यावरची करपलेली भाकरी उलटली.

बायका एकेक करून गेल्या. मग काकूंचं लक्ष सुनेच्या कपाळाकडे गेलं.

"टिकली लाव."

"नाही आई."

"खालच्या बाईच्या मूर्खपणावर तू काय रुसतेस? टिकली लाव आणि कुकर चढव."

"मी रुसले नाही." सून नळाखाली मनगट धरून उभी होती. "आई, खाली त्यांनी सांगितलं तेव्हा मी रडले नाही. मला वाटलं, बरं झालं. मला त्याची लाज वाटली, पण वाटलं हे खरं. मग ताई म्हणाल्या की तो नाही, तेव्हा मला रडू आलं."

काकूंनी तवा उतरवला. मला निघून जावंसं वाटत होतं, पण मध्येच उठणं बरं दिसलं नसतं.

काका आले ते खालीच सगळं ऐकून. चेअरमनने त्यांना गेटात गाठून सांगितलं होतं की असले कागद सोसायटीच्या गेटवर लावायचे नाहीत, ठराव करावा लागेल. काकांच्या हातात तिन्ही कागद होते, ओरबाडून काढलेले. ते सुनेकडे बघत दारातच उभे राहिले.

"हाताला काय लागलं?"

"काच लागली."

"मी लावला म्हणून झालं."

"बाबा, कागदाचं राहू द्या," ती म्हणाली. "तुम्ही माझ्याबरोबर वसईला चला. कोर्टात एवढंच सांगा की तुम्हाला काही कळलेलं नाही. मला दुसरं काही नको."

काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "गेलात तर माझ्या हातचं जेवायचं नाही. मुलाला मारून आलेल्या माणसाला मी वाढणार नाही."

काकांनी कागद टेबलावर ठेवले. "एका परक्या माणसाला कोणी कागद लावला नाही म्हणून मी चार दिवस जेवलो नाही नीट," ते म्हणाले. "आणि ही पोर सात वर्षं रोज गेटातून जाते-येते." मग काकूंना म्हणाले, "मी नाही म्हणणार की तो मेला. ते तू म्हणू नकोस, मीही म्हणणार नाही. पण जाणार."

काकूंनी त्या रात्री दोघांनाही वाढलं नाही, असं सुनेने मला नंतर सांगितलं. पुढची दोन वर्षं काकू नवऱ्याशी कामापुरतंच बोलत होत्या. कोर्टातून सुटका होऊन सून घरातून गेल्यावर तर तेही कमी झालं. त्या कथांचं पुस्तक काही झालं नाही. दोन कथा लहान दिवाळी अंकांत आल्या, बाकीच्या माझ्याकडे फ्लॉपीवर होत्या, ती फ्लॉपी पुढे चालेना.

मंगळवारी सकाळी मी शटर लवकर उघडलं. काका आणि सून वाट बघत उभेच होते. सुनेने अंगात पूर्ण बाहीचा स्वेटर घातला होता. मी काकांना खुर्ची दिली आणि प्रतिज्ञापत्र टाइप करायला घेतलं. नाव, वय, पत्ता, मुलगा कधी गेला, पोलिसांत तक्रार कधी दिली. शेवटच्या वाक्यापाशी काका थांबले.

"मेला असं लिहावं लागतं का?"

"नाही. जिवंत असल्याचं आमच्या ऐकिवात नाही, एवढंच."

"पुन्हा म्हण."

मी पुन्हा म्हटलं.

"लिही," ते म्हणाले.

मी प्रिंट काढली, वकिलांचा पत्ता कागदावर लिहून सुनेच्या हातात दिला आणि दोघांना स्टेशनच्या रिक्षात बसवून दिलं. मग एका लग्नपत्रिकेचं प्रूफ दुपारपर्यंत द्यायचं होतं, ते काढायला बसले.